टेप शाबूत होत्या, वाचणारं यंत्र नव्हतं

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या पतसंस्थेच्या किंवा कॉलेजच्या मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडा. जुने शिक्के, संपलेली पासबुकं, बांधून ठेवलेली व्हाउचरं यांच्या खाली बहुधा एक पुठ्ठ्याचा खोका निघतो आणि त्यात टेपची कार्ट्रिज असतात. डबीवर बॉलपेनने तारीख लिहिलेली असते, कधी शाखेचं नावही असतं. हा ‘बॅकअप’ आहे, तो टाकायचा नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो वाचायचा कसा हे माहीत असलेला माणूस निवृत्त झालेला असतो आणि वाचणारं यंत्र भंगारात गेलेलं असतं.

मी १९९०च्या दशकापासून या जिल्ह्यात संगणक बसवण्याची आणि दुरुस्तीची कामं करतो. रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने १९८४ साली बँकांच्या शाखांमध्ये यंत्रं आणण्याची शिफारस केली, आणि दहा-बारा वर्षांत ते वारं आमच्याकडच्या सहकारी संस्थांपर्यंत पोचलं. एक ३८६ किंवा ४८६ संगणक, त्यावर एससीओ कंपनीचं युनिक्स, सिरियल कार्डातून निघालेल्या तारा आणि त्यांच्या टोकाला काउंटरवरची टर्मिनल, अशी मांडणी असे. संध्याकाळी कॅश जुळली, दिवसअखेर झाली की कुणीतरी टेप आत सरकवायचं, एक ओळ टाइप करायचं आणि टेप पुढे-मागे फिरत असताना टेबल आवरायला घ्यायचं. ती ओळ मी अनेक संस्थांतल्या लोकांना शिकवली. टेप परत वाचून पाहण्याची सवय मात्र त्या काळी फार थोड्या ठिकाणी होती.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि बाजारपेठेतले तळमजले बुडाले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही त्या पुराचा फटका बसला. एका जुन्या सहकारी संस्थेच्या शाखेतल्या खतावण्यांचा त्याच चिखलात लगदा झाला. चालू खाती नव्या प्रणालीत सुरक्षित होती. पण नवी प्रणाली घेताना जुनी, बंद झालेली कर्जखाती तिच्यात भरलीच नव्हती, कारण त्यांच्या वह्या होत्या.

काही महिन्यांनी लोक येऊ लागले. आजोबांनी किंवा सासऱ्यांनी नव्वदच्या दशकात कर्ज काढलेलं, ते फेडलेलं, पण सातबाऱ्याच्या इतर हक्कांत संस्थेचा बोजा तसाच राहिलेला. आता जमिनीची वाटणी करायची तर बोजा उतरवायला हवा आणि त्यासाठी संस्थेचा दाखला हवा. दाखला द्यायचा तर नोंद हवी. चिपळूण तालुक्यातल्या एक वयस्कर बाई व्यवस्थापकांसमोर बसून म्हणाल्या, “मामंजींनी सगळं फेडलंनी होतं हो, मी स्वतः बरोबर आल्ये होत्ये.” व्यवस्थापकांचा त्यांच्यावर विश्वास होता. पण विश्वासावर दाखला देता येत नाही.

संस्थेत एक चांगली शिस्त होती. आठवड्याची टेप चिपळूणचा शिपाई शनिवारी एसटीने रत्नागिरीच्या मुख्य कार्यालयात आणून देत असे. वह्या नदीकाठी आणि टेप नव्वदएक किलोमीटरवर, त्यामुळे टेप वाचल्या. व्यवस्थापकांनी खोका माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, “यातून काही निघेल का?”

खोक्यात दोन पिढ्यांच्या टेप होत्या. जुन्या होत्या त्या पाव इंच रुंदीच्या, क्यूआयसी जातीच्या. थ्रीएम कंपनीने १९७२ साली ही कार्ट्रिज बाजारात आणली. तळाला धातूची जाड पट्टी, आत दोन चकत्या आणि त्या फिरवणारा एक लवचीक पट्टा. आमच्याकडच्या डीसी ६१५० कार्ट्रिजमध्ये १५० मेगाबाइट मावत. नव्या टेप डीडीएस जातीच्या, चार मिलिमीटर रुंदीच्या. सोनी आणि एचपी यांनी १९८९ साली गाण्यांच्या डिजिटल कॅसेटवरून हा प्रकार तयार केला. त्यात व्हिडिओ कॅसेटप्रमाणे फिरत्या ड्रमवरचं डोकं तिरप्या रेघांत लिहितं. १९९३ची दुसरी पिढी चार गिगाबाइटची, १९९६ची तिसरी बारा गिगाबाइटची. दोन्ही प्रकारांना वेगळे ड्राइव्ह लागतात आणि दोन्ही ड्राइव्ह आता कुणी बनवत नाही.

क्यूआयसीचा ड्राइव्ह रत्नागिरीतच, एका ओळखीच्याच्या माळ्यावर मिळाला. डीडीएसचा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या जुन्या सर्व्हरच्या ढिगातून काढला. तिथली माणसं अजूनही वस्तू हातात घेऊन ती कुठल्या यंत्रातली हे सांगतात. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. डीडीएसचा पुढच्या पिढीचा ड्राइव्ह मागच्या एक-दोन पिढ्यांच्या टेप वाचतो, मागच्या पिढीचा ड्राइव्ह पुढची टेप वाचत नाही. म्हणून मी चौथ्या पिढीचा ड्राइव्ह शोधला. तो दुसरी आणि तिसरी दोन्ही वाचतो.

हे दोन्ही ड्राइव्ह स्कझी जोडणीचे. आजच्या संगणकाला ती जोडणी नसते आणि ती देणारं जुनं कार्ड बसेल अशी पीसीआयची खाचही नसते. म्हणून संगणकही जुना हवा. एका ऑफिसने काढून टाकलेला पेंटियम मी घेतला, त्यात अ‍ॅडॅप्टेकचं २९४० कार्ड बसवलं. स्कझीचे नियम थोडे आहेत, पण ते कडक आहेत. एका केबलवरच्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र क्रमांक हवा. सात हा कार्डाचा. केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा, नाहीतर टोकाशी पोचलेला संकेत उलटा परततो आणि नव्या संकेतात मिसळतो. मग ड्राइव्ह कधी दिसतो, कधी दिसत नाही, मधेच वाचन तुटतं, आणि ड्राइव्हच बिघडला असं वाटतं. आमच्या भागात आणखी एक अडचण असते. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, केबल बदलली, टर्मिनेटर लावले, तेव्हा ड्राइव्ह दरवेळी एकाच क्रमांकावर दिसू लागला.

इथून पुढे लिनक्स या मुक्त प्रणालीचं काम सुरू झालं आणि इथेच मला या कामातला सगळ्यात मोठा दिलासा मिळाला. संगणक सुरू होताना पडद्यावर जी अक्षरं धावतात, त्यात कार्डाचं नाव आलं, त्याखाली ड्राइव्हचं. कुठलीही सीडी शोधावी लागली नाही, कुठल्या कंपनीकडे परवाना मागावा लागला नाही. टेप चालवणारा लिनक्सचा ‘एसटी’ हा ड्रायव्हर फिनलंडच्या काई मॅकिसारा यांनी लिहिला. ज्या ड्राइव्हचे कारखाने कधीच बंद झाले, ते आजही त्यामुळे चालतात. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीतही तशीच सोय आहे. मी ती दुसरा साक्षीदार म्हणून वापरतो. एखादी टेप लिनक्सवर अडली तर फ्रीबीएसडीवर लावून पाहतो. दोन्हीकडे एकाच ठिकाणी अडली तर दोष टेपमध्ये आहे असं धरता येतं.

ही कृपा सगळ्या जुन्या यंत्रांवर झालेली नाही. फ्लॉपीच्या केबलवर चालणारे स्वस्त टेप ड्राइव्हही एके काळी घरोघरच्या पीसींना लागलेले होते. त्यांचा ड्रायव्हर सांभाळायला कोणी उरलं नाही, म्हणून २००७च्या सुमारास तो लिनक्सच्या गाभ्यातून काढण्यात आला. मुक्त प्रणाली असली तरी तिच्यातला प्रत्येक भाग कुणीतरी हातात धरलेला असतो तोवरच जिवंत राहतो.

क्यूआयसीच्या ड्राइव्हमध्ये टेप फिरवणारं एक रबरी चाक असतं. वर्षं गेली की ते रबर वितळल्यासारखं चिकट होतं. तसंच वापरलं तर तो चिकटा कार्ट्रिजमध्ये जातो. चाक काढून ते रबर खरवडलं. मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मापाची रबरी नळी शोधून दिली आणि चाकावर घट्ट बसवली. जाडी मूळ रबराएवढीच ठेवायची, हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. कार्ट्रिजच्या आतला पट्टाही काही ठिकाणी सैल झालेला, काही ठिकाणी टेपला चिकटलेला. तिथे कार्ट्रिज उघडून नंतरच्या काळातल्या न वापरलेल्या कार्ट्रिजमधला पट्टा घातला. हे काम मी पावसाळ्यात केलं नाही. कोकणात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कपाटातल्या चामड्यावरही बुरशी धरते. टेपचं चुंबकीय लेपण धरून ठेवणारा चिकट थरही त्या ओलाव्याने मऊ पडतो. हिवाळा येईपर्यंत थांबलो, कार्ट्रिज आदल्या दिवसापासून वातानुकूलित खोलीत ठेवली आणि मगच ड्राइव्हमध्ये घातली.

घालण्याआधी दोन गोष्टी न चुकता करायच्या. पहिली, लेखनबंदीचं कुलूप लावायचं. क्यूआयसी कार्ट्रिजवर फिरवायचं बटण असतं, डीडीएसवर सरकवायची खिट्टी. दुसरी, क्यूआयसी टेप एकदा टोकापर्यंत आणि परत अशी पूर्ण गुंडाळून घ्यायची. ‘एमटी’ या आज्ञेत त्याची सोय आहे. वर्षानुवर्षं एकाच ताणात पडून राहिलेली टेप त्यामुळे सारखी बसते.

मग वाचन. युनिक्सवर टेपला दोन नावं असतात. एका नावाने उघडली तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने उघडली तर जिथे थांबली तिथेच राहते. संस्थेत एका टेपवर सोमवार ते शनिवार असे एकामागून एक संच भरलेले असत, मध्ये फक्त एक खूण. पहिल्या नावाने कितीही वेळा वाचलं तरी दरवेळी सोमवारच हाती येतो आणि टेपवर एवढंच आहे असं वाटतं. न गुंडाळणाऱ्या नावाने उघडून एकेक खूण ओलांडत गेलं की शनिवार सापडतो.

दुसरी गाठ ब्लॉकच्या आकाराची. टेपवर मजकूर सलग नसतो, ठरावीक आकाराच्या तुकड्यांत असतो. पाव इंची १५० मेगाबाइटच्या टेपवर तुकडा ५१२ बाइटचा, ठाम. डीडीएसवर तो लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. वाचताना तुकडा अपेक्षेपेक्षा मोठा निघाला तर लिनक्स ‘मेमरी मिळू शकत नाही’ असा संदेश देतं. संगणकात मेमरी भरपूर असताना हा संदेश पाहून माणूस भलतीकडेच शोधायला लागतो. उपाय साधा आहे. आकार बदलता आहे असं ड्राइव्हला सांगायचं, ‘डीडी’ या आज्ञेला भरपूर मोठा घास द्यायचा आणि एकच तुकडा उचलायला लावायचा. जी फाइल तयार होईल तिचा आकार, तोच टेपवरच्या तुकड्याचा आकार. तो एकदा कळला की दार उघडलं.

दार उघडल्यावर ‘टार’ने आतल्या फाइलींची यादी दाखवली. ‘टार’ १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलं. १९९६ साली चिपळुणात एससीओवर बांधलेलं गाठोडं रत्नागिरीत आजच्या लिनक्सने काहीही न विचारता सोडलं. आतल्या खतावण्या फॉक्सबेसच्या डीबीएफ फाइलींत होत्या. त्यांची रचना इतकी सरळ आहे की आजही कुठल्याही मुक्त स्प्रेडशीटमध्ये त्या उघडतात. त्याच खोक्यातल्या नंतरच्या काही टेप मात्र एका विकतच्या बॅकअप प्रोग्रॅमने, स्वतःच्या बंद पद्धतीने, पासवर्ड लावून भरलेल्या होत्या. त्या ड्राइव्हने नीट वाचल्या, एकही चूक दाखवली नाही, आणि तरी आतला मजकूर मला काढता आला नाही. दोन्ही प्रकारच्या टेप एकाच कपाटात, एकाच हवेत राहिल्या होत्या. फरक फक्त त्या लिहिण्याच्या पद्धतीत होता.

आकडे दिसले, पण सभासदांच्या नावांच्या जागी विचित्र चिन्हं होती. कारण नावं मराठीत होती. त्या काळी युनिक्सवर मराठी टाइप करायला पुण्याच्या सीडॅकची जिस्ट टर्मिनल वापरत. हे तंत्र आयआयटी कानपूरला जन्मलं आणि १९८८ साली स्थापन झालेल्या सीडॅकने ते देशभर नेलं. त्यातली अक्षरं आयस्की या संकेतात साठवली जात. १९९१ साली भारतीय मानक म्हणून तो आय.एस. १३१९४ या क्रमांकाने मंजूर झाला. पहिल्या १२८ जागा इंग्रजीच्या, पुढच्या १२८ भारतीय लिपींच्या. जिस्ट टर्मिनल गेली आणि ती अक्षरं वाचणारं यंत्र गेलं. कोकणातल्या घराघरांत मोडीतली कागदपत्रं असतात, शाई उठून दिसते, पण मोडी वाचणारा आणल्याशिवाय जमिनीचा वाद सुटत नाही, तसंच हे होतं.

इथेही वाट मोकळी निघाली. युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणीच आयस्कीवरून घेतलेली आहे, आणि आयसीयू या मुक्त संचात आयस्कीचं युनिकोडमध्ये रूपांतर करण्याची सोय आहे. एका आज्ञेत हजारो नावं वाचण्याजोगी झाली. ‘कऱ्हाडकर’, ‘कुऱ्हाडे’ यांसारखी नावं मात्र आम्ही एकेक करून डोळ्यांनी तपासली, कारण दाखल्यावर नावात चूक चालत नाही.

सगळ्या टेप वाचल्या गेल्या नाहीत. काहींवर बुरशी होती, काहींचं लेपण सुटत होतं. पण शनिवारच्या टेप एकमेकींना झाकत होत्या. एका आठवड्याची गेली तरी पुढच्या आठवड्याच्या टेपमध्ये तीच खाती पुन्हा होती. त्यामुळे कर्जफेडीच्या बहुतेक नोंदी मिळाल्या. मूळ टेपची जशीच्या तशी प्रत डिस्कवर घेतली, तिची बेरीज-खूण (चेकसम) काढून लिहून ठेवली, आणि प्रती दोन गावांत ठेवल्या. त्या बाईंच्या मामंजींचं खातं १९९८ साली शून्यावर आलेलं निघालं. संस्थेने दाखला दिला, तलाठ्यांकडे अर्ज गेला. बाई व्यवस्थापकांना म्हणाल्या, “मी खोटं बोलत नव्हत्ये, हे आता कागदावर आलं.” एवढ्यासाठीच संस्था नोंदी ठेवतात. कष्टाने कर्ज फेडलेल्या माणसाचा शब्द त्याच्या मागेही खरा ठरला पाहिजे.

जगात मोठमोठ्या संस्थांवरही ही वेळ आलेली आहे. १९६६-६७ साली नासाच्या लूनर ऑर्बिटर यानांनी काढलेली चंद्राची छायाचित्रं सुमारे १,५०० टेपांवर होती. त्या वाचणारे अ‍ॅम्पेक्सचे अवजड ड्राइव्ह नॅन्सी इव्हान्स या अधिकारी बाईंनी वर्षानुवर्षं स्वतःच्या गॅरेजमध्ये जपून ठेवले, म्हणून २००८ साली ती चित्रं पूर्वीपेक्षा स्पष्ट रूपात पुन्हा हाती आली. २०२५ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या कोठीत युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीची, १९७३च्या काळातली टेप सापडली आणि तीही वाचता आली. दोन्ही ठिकाणी टेप टिकली होती. प्रश्न वाचणाऱ्या यंत्राचा आणि ते यंत्र समजणाऱ्या माणसाचा होता.

टेप हे माध्यम मेलेलं नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये एका बिघाडाने काही लोकांच्या जीमेलमधली पत्रं नाहीशी झाली, तेव्हा गुगलने ती टेपवरूनच परत आणली. आजच्या एलटीओ टेपमध्ये कित्येक टेराबाइट मावतात. त्याही वीस वर्षांनी अशाच कुठल्यातरी कपाटात सापडणार आहेत. म्हणून ज्यांच्याकडे संस्थेच्या नोंदींची जबाबदारी आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जुना ड्राइव्ह, त्याचं कार्ड आणि केबल टेपच्या आधी भंगारात देऊ नका. बॅकअप उघड्या, साध्या पद्धतीत घ्या. टेपच्या डबीत एक चिठ्ठी ठेवा: कुठल्या प्रणालीवर, कुठल्या आज्ञेने, किती आकाराच्या तुकड्यांत आणि कुठल्या अक्षर-संकेतात लिहिलं. एक प्रत दुसऱ्या गावात ठेवा, आणि ते गाव त्याच नदीच्या काठी नसेल हे पाहा. कपाटातला जुना खोका येत्या हिवाळ्यात बाहेर काढा. ड्राइव्ह दरवर्षी कमी होत आहेत आणि ते चालवता येणारी आमची पिढीही. आणि ज्या बॅकअपमधून गेल्या वर्षभरात एकही फाइल परत काढून पाहिलेली नाही, तो बॅकअप आपल्याकडे आहे असं धरून चालू नका.